राम नदी : खाटपेवाडीच्या धारेपासून मुळेच्या संगमापर्यंत चार दिवस

राम नदीला नदी म्हणायचे ते नावापुरते. मुळशी तालुक्यात भुकूमजवळच्या खाटपेवाडीच्या डोंगरात ती उगम पावते. भूगाव, बावधन, पाषाण, सोमेश्वरवाडी असे करत औंध-बाणेरच्या बाजूला मुळेला मिळते. लांबी जेमतेम १८-१९ किलोमीटर. दमदार माणूस पहाटे निघाला तर संध्याकाळी संगमावर पोहोचेल, पण मग त्याला दिसतील ते फक्त पूल आणि मोऱ्या. ओढा समजून घ्यायचा तर पात्राइतकेच दोन्ही बाजूंचे उतारही पायाखालून जावे लागतात. म्हणून हा बेत चार दिवसांचा.

ऋतूची निवड महत्त्वाची. ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा सर्वांत चांगला. पावसाळ्यातला गढूळ लोंढा ओसरलेला असतो, जमिनीत मुरलेले पाणी झऱ्यांतून बाहेर पडत असते आणि गवत अजून उभे असते. डिसेंबरनंतर वरचा भाग कोरडा पडत जातो. जुलै-ऑगस्टमध्ये पाणी भरपूर असले तरी खालचे काही दिसत नाही आणि पात्रात उतरणे धोक्याचे असते. ऑक्टोबरातही दुपारनंतर परतीचा पाऊस कोसळू शकतो. त्यामुळे पात्रातले काम दुपारी दोनच्या आत उरकायचे आणि वरच्या अंगाला ढग काळवंडले की काठावर यायचे. आपल्या डोक्यावर ऊन असतानाही खालच्या घळीत लोंढा येतो.

दिशा उगमाकडून संगमाकडे, म्हणजे स्वच्छ पाण्याकडून घाण पाण्याकडे. एकच जाळी आणि तेच बूट घेऊन उलटे चाललो तर खालचे जंतू, जलपर्णीचे तुकडे, गोगलगाईंची अंडी आपणच वर नेऊन सोडतो. प्रत्येक थांब्यावर मात्र नियम उलटा. तिथे प्रवाहाच्या खालच्या अंगाने वर सरकत जायचे, म्हणजे पायांनी ढवळलेला गाळ नमुन्यात येत नाही.

सामान फारसे लागत नाही : ३० मीटरचा टेप, एक मीटरची पट्टी, घड्याळ, पांढरा प्लास्टिकचा ट्रे, बारीक जाळी, थर्मामीटर, पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा, खिशात मावणारा टीडीएस मीटर, विरघळलेला ऑक्सिजन मोजण्याचा रसायनांचा संच, दोन्ही तोंडे उघडी असलेला पत्र्याचा डबा, गमबूट आणि रबरी हातमोजे. गमबूट खालच्या टप्प्यात मैलापाण्यासाठी लागतात आणि वरच्या टप्प्यात घोणस-फुरशांसाठी.

निघण्यापूर्वी : नकाशावरची रेघ

नदीला पाणी देणाऱ्या सगळ्या उतारांची, म्हणजे पाणलोटाची, हद्द आधी आखायची. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० नकाशावर समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, २० मीटरच्या अंतराने असतात. संगमावर पेन्सिल टेकवायची आणि एका बाजूच्या सर्वांत उंच बिंदूंवरून रेघ ओढत उगमाच्या मागून फिरवून दुसऱ्या बाजूने परत संगमावर आणायची. समोच्च रेषांचे टोक चढाकडे वळले असेल तर ती घळ, उताराकडे वळले असेल तर ती सोंड. आपली रेघ सोंडेच्या माथ्यावरून, समोच्च रेषांना काटकोनात छेदत गेली पाहिजे आणि वाटेत कुठेही ओहोळ ओलांडता कामा नये. ओलांडला तर कुठेतरी शेजारच्या खोऱ्यात शिरलो, मागे जायचे.

डोंगराळ भागात ही रेघ चोख येते, शहरात येत नाही. महामार्गाची गटारे, पावसाळी पाण्याचे नळ आणि काँक्रीटचे रस्ते पाणी वाटेल तिकडे वळवतात. नकाशावर एका खोऱ्यात पडणारा पाऊस प्रत्यक्षात दुसऱ्याच मोरीतून बाहेर पडतो. चांदणी चौकाच्या आसपास आणि त्याखाली ही रेघ अंदाजाचीच समजायची. पक्की हवी असेल तर भर पावसात छत्री घेऊन चौकाचौकात उभे राहून पाणी कुठे वळते ते पाहायचे. दुसरा उपाय नाही.

पहिला दिवस : धार, झिरपा आणि पहिले मोजमाप

सकाळी खाटपेवाडीच्या वर धारेवर, म्हणजे डोंगराच्या कण्यावर, चढायचे. चढताना डोंगर पायऱ्यांचा आहे हे पोटऱ्यांना आधी कळते : उभा कडा, मग सपाट पट्टी, पुन्हा कडा. दख्खनचा हा सारा मुलूख सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचलेल्या लाव्ह्याचा. प्रत्येक थराचा गाभा घट्ट काळा कातळ असतो आणि माथा बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेला, ज्याला विहीर खणणारे मांजऱ्या म्हणतात. दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे विटकरी, गेरूसारखा तांबडा पट्टा दिसतो.

पावसाचे पाणी कातळाच्या भेगांतून खाली उतरते, मांजऱ्यात साठते आणि खालच्या घट्ट थरावर अडले की आडवे सरकत उताराच्या कडेला बाहेर येते. म्हणून झरे डोंगरावर कुठेही फुटत नाहीत, बरेचसे एकाच उंचीवर ओळीने सापडतात. एक झिरपा मिळाला की त्याच उंचीवर डावी-उजवीकडे चालत राहायचे. कोरड्या गवतात मध्येच हिरवा ठिपका, नेच्यांचा झुबका किंवा तेरड्याची दाट रांग दिसली की तिथे हात लावून पाहायचा, माती ओली असते.

मग नदीचा नेमका उगम कोणता? ऑक्टोबरात असे अनेक झिरपे एकाच वेळी चालू असतात. पाऊस थांबल्यानंतर आठवड्या-आठवड्याला ओल्या रेषेचे वरचे टोक खाली सरकत जाते. म्हणजे उगम हा खुंटी ठोकून दाखवायचा बिंदू नाही, तो वर्षभर डोंगरावर वर-खाली फिरतो. ज्या दिवशी गेलो त्या दिवशीचे वरचे टोक तारीख घालून नोंदवायचे. पुढच्या वर्षी त्याच तारखेला ते खाली आढळले तर पाऊस कमी झाला, की वरच्या उताराने पाणी मुरवणे सोडले, हे शोधता येते.

मुरणे मोजायला तो पत्र्याचा डबा. १५ सेंटिमीटर व्यासाचा डबा जमिनीत ५ सेंटिमीटर ठोकायचा आणि त्यात ४४० मिलिलिटर पाणी ओतायचे. त्याची उंची बरोबर अडीच सेंटिमीटर भरते. पाणी जिरायला किती वेळ लागला ते टिपायचे. पहिल्या खेपेचा आकडा सोडून द्यायचा, कारण कोरडी माती सुरुवातीला अधाशासारखी पिते. दुसरी आणि तिसरी खेप खरी. मुरमाड जागी डब्याच्या कडेने पाणी निसटते आणि आकडा फसवा येतो, तिथे बाहेरून ओली माती दाबून घ्यायची. हीच चाचणी तीन ठिकाणी करायची : उभ्या गवतात, गुरांच्या पायवाटेवर आणि वणवा लागून गेलेल्या जागी. एकाच उतारावर दहा पावलांच्या अंतरात आकडे किती बदलतात ते पाहिले की खाली येणाऱ्या पुराचे निम्मे गणित इथेच उमगते.

गवत म्हणजे मुख्यतः पवन्या, कुसळी, मारवेल. त्यांच्या मुळांचे जाळे पावसाच्या थेंबाचा मार झेलते आणि वीतभर माती धरून ठेवते. झाडी विरळच : मोई, मेढशिंग, धावडा, पळस, पांगारा, घळीत करंज आणि उंबर. हे रान मुळातच उघडे, पानगळीचे आहे. त्याला उजाड समजून त्यावर गिरिपुष्प किंवा सुबाभूळ दाटीने लावणे हा पुण्याच्या टेकड्यांवर झालेला जुना घोटाळा. गिरिपुष्पाखाली गवत टिकत नाही, उघडी माती पहिल्या वळवातच खाली येते. ऑक्टोबरात उतारच्या उतार पिवळेधमक दिसतात आणि लोक फोटो काढत सुटतात. त्यांतली सोनकी इथली आहे. नारिंगी झाक असलेला उंच कॉसमॉस मात्र मेक्सिकोकडचा पाहुणा आहे आणि तो गवताची जागा खातो. फरक पानावरून ओळखायचा : कॉसमॉसची पाने खोल चिरलेली, झेंडूसारखी असतात.

उतारावर सलग समतल चर खणलेले दिसले तर थांबून तपासायचे. साधारण ६० सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर खोल चर एकाच पातळीत असेल तर उपयोगाचा, नाहीतर अपायाचा. हातभर जरी एका बाजूला कलला तरी सगळे पाणी त्या टोकाला गोळा होते, तिथून बांध फुटतो आणि खाली नवी घळ पडते. पाण्याच्या नळीने पातळी न काढता नजरेच्या अंदाजाने खणलेले चर असेच फुटतात. आमचे मत विचाराल तर जिथे माती वीतभरच आहे आणि गवत शाबूत आहे, तिथे चर खणूच नयेत. चर खणताना नेमके मुळांचे जाळेच तुटते. तिथे जाळपट्टा राखून वणवा थोपवला तरी पुरे.

दुपारी पहिल्या वाहत्या ओहोळावर प्रवाह मोजायचा. सरळ, एकसारख्या रुंदीचा १० मीटरचा टप्पा निवडायचा. रुंदी मोजायची, पात्र ओलांडत पाच ठिकाणी खोली घेऊन सरासरी काढायची. अर्धी पाण्याने भरलेली छोटी बाटली टप्प्याच्या थोडे वर सोडायची आणि १० मीटरला किती सेकंद लागतात ते पाच वेळा मोजायचे. रिकामी बाटली वाऱ्याने पळते, म्हणून अर्धी भरलेली. पृष्ठभागाचे पाणी तळाच्या पाण्यापेक्षा वेगाने धावते, म्हणून वेगाला ०.८५ ने गुणायचे. समजा रुंदी १.८ मीटर, सरासरी खोली १२ सेंटिमीटर आणि वेळ २५ सेकंद आली. छेदाचे क्षेत्र ०.२१६ चौरस मीटर, वेग ०.४ गुणिले ०.८५ म्हणजे ०.३४ मीटर प्रति सेकंद, आणि प्रवाह सुमारे ७३ लिटर प्रति सेकंद. डोह निवडला तर बाटली गोल गोल फिरते, खळाळ निवडला तर दगडांत अडकते. दोन्हींच्या मधला संथ पट्टा हवा.

प्राणी शोधायचे ते मात्र खळाळात. जाळी प्रवाहाच्या खालच्या अंगाला धरून वरचे दगड हाताने चोळायचे, जाळीतला ऐवज पांढऱ्या ट्रेमध्ये ओतायचा आणि दोन मिनिटे हात न लावता थांबायचे. गढूळपणा बसला की हालचाल सुरू होते. तीन शेपट्यांच्या, पोटाच्या कडेला कल्ले हलवणाऱ्या अळ्या मेफ्लायच्या. वाळूचे कण किंवा काड्या चिकटवून नळीत राहणाऱ्या कॅडिसफ्लायच्या. दगडाला चिकटलेला तांब्याच्या पैशासारखा चपटा गोल दिसला तर तो वॉटर पेनी नावाचा भुंगेरा, अळी अवस्थेतला. हे तिघे थंड, वाहत्या, ऑक्सिजनने भरलेल्या पाण्याचे रहिवासी. कागदावरचा अहवाल एका क्षणाचा असतो. हे प्राणी कित्येक आठवडे त्याच दगडाखाली राहिलेले असतात, त्यामुळे मधल्या काळात एक रात्र जरी कोणी टँकर ओतला असता तरी ते इथे दिसले नसते. पाहून झाले की त्याच जागी सोडायचे आणि उचललेले दगड होते तसे पालथे ठेवायचे.

दुसरा दिवस : भुकूम ते भूगाव

हा दिवस चालायला सोपा आहे. उतार मंदावतो, पात्र रुंदावते आणि दोन्ही बाजूंना भातखाचरे, विहिरी, मग फार्महाऊसची कुंपणे लागतात. पुण्याच्या पश्चिमेला पाऊस झपाट्याने वाढत जातो. शहरात वर्षाला सरासरी ७०० मिलिमीटरच्या आसपास, तर ५०-६० किलोमीटरवरच्या ताम्हिणीत हजारो मिलिमीटर. राम नदीचे वरचे खोरे या चढत्या उताराच्या पायथ्याशी आहे, म्हणून इथे भात होतो आणि बावधनच्या खाली तो दिसत नाही.

काठावर वाळुंज आणि करंज शोधायचे. वाळुंजाची मुळे पाण्यात लालसर दाढीसारखी लोंबतात आणि माशांची पिल्ले त्यांत दडतात. कातळाच्या भेगांत शेरणीची झुडपे असतील तर पुरात ती आडवी होतात आणि पाणी ओसरले की पुन्हा उठतात. भिंत न बांधता काठ धरायचा हा जुना प्रकार आहे, आणि तो जेसीबीच्या एका फेरीत संपतो.

माशांत मळ्या ओळखता आला पाहिजे. तोंड खालच्या बाजूला, ओठांची चकती दगडाला चिकटवून तो शेवाळ खरवडतो. दख्खनच्या माशांचे वर्णन करताना ब्रिटिश सेनाधिकारी आणि निसर्ग-अभ्यासक कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये इथले बोलीतले नावच शास्त्रीय नावात ठेवले, 'मुल्या'. पावसाळ्यात मासे अंडी घालायला वरच्या पाण्याकडे चढतात. त्यामुळे बंधाऱ्याची किंवा मोरीची खालची बाजू नेहमी तपासायची. मोरीच्या तोंडाखाली पाण्याने खड्डा पाडला असेल आणि मोरीचा तळ पाण्याच्या वर हातभर लटकत असेल तर माशाला तो जिना चढता येत नाही. मोरी बांधताना तिचा तळ पात्रापेक्षा थोडा खाली ठेवून वर गोटे पसरले तर हे टळते. खर्च जवळपास तोच येतो.

इथे टीडीएस मीटर पहिल्यांदा बोलू लागतो. बेसाल्टमधून आलेल्या ताज्या पाण्याचा आकडा साधारण १०० ते ३०० मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये राहतो. चालता चालता दर अर्ध्या किलोमीटरला बुडवत जायचे. आकडा एकदम उडी मारतो तिथे थांबून काठ धुंडाळायचा : एखादा पाइप, गोठ्याचा निचरा, सेप्टिक टाकीचा पाझर. मीटर घाण मोजत नाही, क्षार मोजतो. तो फक्त 'इथे काहीतरी नवे पाणी मिळाले' एवढेच सांगतो, पण तेच हवे असते.

दुसरी गोष्ट गाळाची. वरच्या बाजूला डोंगर फोडून सपाटी केली असेल तर पाऊस थांबून आठवडा झाला तरी डोहाच्या तळाला पिवळसर मुरमाची साय दिसते. दगडांखालच्या फटी त्याने बुजतात. काल ज्या अळ्या सापडल्या त्यांचे घर याच फटी होत्या, त्यामुळे पाणी रसायनांच्या दृष्टीने ठीक असूनही ट्रे रिकामा येतो. दगड उचलून त्याची खालची बाजू अर्धीअधिक चिखलात रुतलेली आहे का, हे नोंदवायचे. भूगावजवळचा मानस तलाव याच खोऱ्यातला. संध्याकाळी त्याच्या काठाशी दिवस संपतो.

तिसरा दिवस : बावधन, आणि पावसाचे गणित

बावधनमध्ये ओढा शहरात शिरतो. चालायला सलग काठ मिळत नाही. पुलावरून पुलावर जावे लागते आणि प्रत्येक पुलावर दोन्ही बाजूंना पाहायचे. खालच्या बाजूला राडारोडा टाकून काठ पुढे सरकवलेला असेल तर तो वरून पाहिल्याशिवाय कळत नाही.

एक चौरस किलोमीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १० लाख लिटर पाणी. आता त्याच एका चौरस किलोमीटरवर तासाला ५० मिलिमीटरच्या वेगाने पाऊस पडतो आहे असे धरा. गवताळ, मुरणारा उतार असेल तर त्यातले साधारण तीन दशांश लगेच वाहते. त्याचा प्रवाह सेकंदाला सुमारे ४.२ घनमीटर. तोच उतार छपरे, फरसबंदी आणि डांबराने झाकला की आठ दशांश वाहते, म्हणजे ११.१ घनमीटर. पाऊस तोच, ढगही तेच, लोंढा अडीचपटीहून मोठा. शिवाय तो गटारांतून लवकर पोहोचतो. पूर्वी वरच्या आणि खालच्या भागांचे पाणी मागे-पुढे यायचे, आता एकाच वेळी येऊन आदळते.

त्यात पात्र अरुंद केले की काय होते तेही मोजता येते. तोच प्रवाह निम्म्या रुंदीतून न्यायचा तर उंची साधारण दीडपट होते. दोन मीटरचा पूर तीन मीटरचा होतो. ४ ऑक्टोबर २०१० रोजी पुण्यात २४ तासांत १८१ मिलिमीटर पाऊस झाला, त्यातला बराचसा संध्याकाळच्या काही तासांत, आणि राम नदीने काठची वस्ती गाठली. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री दक्षिण पुण्यात आंबिल ओढ्याने तेच केले. दोन्ही तारखा पावसाळ्याच्या शेपटाकडच्या आहेत. तेव्हा जमीन आधीच पाण्याने भरलेली असते, तलाव काठोकाठ असतात आणि नवे पाणी ठेवायला कुठेच जागा नसते.

नकाशावर पूररेषा दोन असतात. निळी म्हणजे २५ वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची. 'एकदा' याचा अर्थ आला की पुढची २४ वर्षे सुट्टी, असा नाही. दरवर्षी शक्यता चार टक्के, आणि ती जुन्या पावसाच्या आणि जुन्या पात्राच्या हिशेबाने. वरचे डोंगर झाकले गेले की जुनी निळी रेघ खोटी ठरते.

बावधनच्या पट्ट्यात आणखी एक गोष्ट उमजते, आणि या प्रवासातली सर्वांत महत्त्वाची आम्हाला तीच वाटते. मूळचा हा ओढा हंगामी. उन्हाळ्यात खालचे डोह तेवढे धरायचे, तेही मांजऱ्यातून झिरपणाऱ्या पाण्यावर. आता बोअरवेल खोल गेल्या, भूजलाची पातळी पात्राच्या खाली उतरली, आणि जिथे जमीन ओढ्याला पाणी द्यायची तिथे ओढा जमिनीला देऊ लागतो. त्या हिशेबाने पात्र पूर्वीपेक्षा लवकर कोरडे पडायला हवे. ते पडत नाही. एप्रिलमध्येही वाहते. ते पाणी घराघरातून येते. बारमाही झालेला ओढा पाहून आनंदणाऱ्यांनी एप्रिलमध्ये सकाळी आठ वाजता आणि दुपारी तीन वाजता प्रवाह मोजावा. झऱ्याचे पाणी घड्याळ पाहत नाही, सांडपाणी पाहते. सकाळी अंघोळी-धुण्यांच्या वेळेला ते फुगते आणि दुपारी ओसरते.

महामार्ग ओलांडून संध्याकाळी पाषाण तलावाशी यायचे. गव्हर्नरच्या गणेशखिंडीतल्या निवासाला, म्हणजे आजच्या विद्यापीठाच्या आवाराला, पाणी पुरवण्यासाठी ब्रिटिश अमदानीत हा तलाव झाला. राम नदी त्यात शिरते आणि सांडव्यावरून बाहेर पडते. शिरते तिथे पाण्याचा वेग मरतो, म्हणून आणलेला सगळा गाळ तिथेच बसतो. त्या पंखाच्या आकाराच्या चिखलावर पाणकणीस, लव्हाळे आणि बेशरम माजते. सूर्यास्ताला पक्षी मोजून ठेवायचे, सकाळशी ताडून पाहायला.

चौथा दिवस : पहाटेचा तलाव ते मुळा

साडेपाचला तलावाच्या काठावर. ही वेळ हौसेची नाही, हिशेबाची आहे. शेवाळ आणि पाणवनस्पती दिवसा ऑक्सिजन सोडतात आणि रात्रभर सगळेच तो वापरतात. त्यामुळे दुपारी चारला मोजले तर हिरवेगार, सडलेले पाणीही उत्तम ठरते. माशाचा जीव ठरतो तो पहाटेच्या सर्वांत कमी आकड्यावर. मत्स्यजीवनासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीत लिटरला किमान ४ मिलिग्रॅम धरले आहे. पहाटे तो २ वर आला तर मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करताना दिसतात.

बाटली भरताना बुडबुडा राहता कामा नये. पाण्याखाली तिरकी धरून भरायची, थोडे ओसंडू द्यायचे आणि पाण्याखालीच बूच लावायचे. मग मँगनीज सल्फेट आणि अल्कलीयुक्त आयोडाइड, प्रत्येकी ठरलेले थेंब. ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका बसतो, जितका गडद तितका जास्त. साका पांढराच राहिला तर मोजण्यासारखे काही नाही. ही दोन रसायने काठावरच घालायची. 'घरी जाऊन करू' म्हणून बाटली पिशवीत ठेवली तर आतले जंतू वाटेतच ऑक्सिजन संपवतात.

जलपर्णी पाण्यावर सलग पसरली असेल तर तिच्याखालचा आणि उघड्या पाण्यातला, असे दोन नमुने घ्यायचे. तिच्या चटईखाली उजेड जात नाही, वारा पाण्याला शिवत नाही आणि मेलेली पाने तळाशी कुजत राहतात. पोषण मुबलक असले की ती एक-दोन आठवड्यांत दुप्पट होते. अर्धा तलाव झाकलेला पाहून 'अजून अर्धा मोकळा आहे' असे समजणाऱ्याकडे एवढाच वेळ असतो. यंत्राने काढून काठावरच ढीग लावला तर पहिल्या पावसात तिच्यातले पोषण पुन्हा तलावात. वरून येणारे सांडपाणी थांबवले नाही तर काढणे हे दरवर्षीचे कंत्राट होते, उपाय होत नाही.

पक्षी हाच हिशेब वेगळ्या भाषेत मांडतात. टिबुकली आणि पाणकावळे बुडी मारून मासे धरतात, त्यांना बऱ्यापैकी स्वच्छ आणि खोल पाणी लागते. हळदीकुंकू बदके उथळ, वनस्पतींच्या कडेला. शेकाटे चिखलातले किडे टिपतात, आणि सांडपाण्याच्या चिखलात किडे अफाट असतात, म्हणून घाण वाढली की शेकाट्यांचे थवे वाढतात. पक्ष्यांची एकूण संख्या वाढली म्हणजे तलाव सुधारला, असे नव्हे. कोण वाढले ते पाहायचे.

सांडव्याच्या खाली, पाषाण गावाच्या बाजूने पुढे निघायचे. इथे संशोधन आणि संरक्षण संस्थांची आवारे आहेत, काठाने सलग जाता येत नाही. वळसा घालायचा, ड्रोन काढायचा नाही आणि भिंतींचे फोटोही नाहीत. सोमेश्वरवाडीत सोमेश्वराच्या देवळाशी पुन्हा पात्रात उतरता येते. पाणी जिथे उडी घेते तिथे पांढरा फेस न विरता साचून राहिला, तर तो बहुतेक साबणचुऱ्याचा. नैसर्गिक फेसही असतो, कुजलेल्या पानांतून आलेला, पण तो पिवळट असतो, मातकट वास देतो आणि हातात घेतला की लवकर मोडतो.

ट्रे पुन्हा बाहेर काढायचा, यावेळी हातमोजे घालून. हातावर जखम असेल तर उतरायचेच नाही, अशा पाण्यात लेप्टोची, म्हणजे उंदीर-घुशींच्या मुतातून पाण्यात उतरणाऱ्या तापाची, भीती खरी आहे. तळाचा चिखल वरून राखाडी आणि आत काळा असतो, सडलेल्या अंड्याचा वास येतो. ऑक्सिजन संपल्यावर सल्फेटवर जगणारे जंतू या वासाचा वायू, हायड्रोजन सल्फाइड, सोडतात. ट्रेमध्ये लाल, वळवळणाऱ्या बारीक अळ्या दिसतात. या चिलटासारख्या कायरोनॉमिड माशीच्या. त्यांच्या अंगात आपल्यासारखेच हिमोग्लोबिन असते, त्यामुळे जिथे ऑक्सिजन जेमतेम आहे तिथेही तो धरून ठेवता येतो. सोबतीला ट्युबिफेक्सचे केसासारखे किडे, डोके चिखलात आणि शेपूट वर हलवणारे. मेफ्लाय, कॅडिसफ्लाय, वॉटर पेनी, कोणीच नाही. माशांत गप्पी आणि तिलापिया. गप्पी पृष्ठभागालगतच्या पातळ थरातले पाणी कल्ल्यांवरून घेऊन तगतो.

दोन्ही काठांना भिंती बांधलेल्या टप्प्यात एकदा प्रवाह मोजून पाहायचा. भिंतींमध्ये पाणी सुसाट जाते, तळ खरवडला जातो, भिंतीचा पाया उघडा पडतो आणि दोन-तीन पावसाळ्यांत एक तुकडा कोसळतो. दुरुस्ती म्हणून तळालाही काँक्रीट घातले की खळाळ, डोह, गोट्यांमधून झिरपणारे पाणी, सगळे एकदम संपते. गोट्यांवरच्या जंतूंच्या थराने पाणी थोडेफार स्वच्छ होत असते, तेही थांबते.

दुपारी संगम. मुळा इथून पुढे संगमवाडीला मुठेला मिळते, मग मुळा-मुठा भीमेला, भीमा कृष्णेला, आणि खाटपेवाडीच्या झिरप्याचे पाणी अखेर बंगालच्या उपसागरात जाते. संगमावर नमुने तीन घ्यायचे : मुळेत संगमाच्या वर, राम नदीत शेवटच्या पुलाजवळ, आणि मुळेत खाली. चूक होते ती तिसऱ्यात. दोन प्रवाह मिळाल्यावर बऱ्याच अंतरापर्यंत शेजारी शेजारी वाहतात, रंगांची सीमा काठावरूनही दिसते. संगमाच्या लगेच खाली राम नदीच्या काठाने बाटली भरली तर पुन्हा राम नदीच मोजली जाते, समोरच्या काठाने भरली तर फक्त मुळा. नदीच्या रुंदीच्या निदान कित्येक पट खाली, शक्य तर पुढच्या पुलावरून, मध्यावर बादली सोडून घ्यायचा. पुलावरच्या दोन-तीन ठिकाणी टीडीएस सारखाच आला तर पाणी मिसळले, वेगवेगळा आला तर आणखी खाली जायचे.

बीओडी, म्हणजे घाण कुजवताना जंतूंना लागणारा ऑक्सिजन, मोजायच्या बाटल्या बर्फाच्या पेटीत, चार अंशांच्या आसपास, आणि चोवीस तासांच्या आत प्रयोगशाळेत. लेबल भरण्याआधी लिहायचे, ओल्या बाटलीवर पेन उमटत नाही. तारखेबरोबर वेळही लिहायची, नाहीतर आठची बाटली आणि तीनची बाटली शेजारी ठेवून भलताच निष्कर्ष निघतो.

जाळी, ट्रे आणि बूट साबणाने धुऊन कडक उन्हात दोन दिवस वाळवायचे. जाळीच्या गाठीत जलपर्णीचा कोंब किंवा गोगलगाईचे पिल्लू अडकलेले असते. ओले राहिले तर ते पुढच्या ओढ्यापर्यंत जिवंत पोहोचते.